गळक्या व्हॉल्व्हवरची फुलपाखरं

माझं काम गळती शोधायचं. नवा रायपूरमधल्या काही बागांची देखभाल ज्या ठेकेदाराकडे आहे, त्याच्याकडे मी साइट सुपरवायझर आहे. तिथले रस्ते रुंद, त्यांच्या मधोमध झाडांचे पट्टे, बाजूला बागा, आणि या सगळ्याच्या पोटातून गेलेल्या पाण्याच्या पाइपलाइनी. मार्च सुरू झाला की ऊन असं तापतं की दोन दिवस पाणी चुकलं तर हिरवळ पिवळी पडते. म्हणून कुठे पाइप फुटलाय, कुठला व्हॉल्व्ह झिरपतोय ते रोज फिरून बघायचं, वहीत लिहायचं आणि दुरुस्त करून घ्यायचं. बसच्या भरवशावर तिकडे नोकरी होत नाही. मी जुन्या रायपुरातल्या समता कॉलनीतून सकाळी सात वाजता स्कूटीने निघते, डिकीत नट आवळायचे दोन पाने, एक पेचकस आणि डबा.

हे काम माझ्या वडिलांना पसंत नव्हतं. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी लग्न होऊन नागपूरला गेले होते. ते लग्न टिकलं नाही, मी परत आले आणि ही नोकरी धरली. आमच्या घराखालीच एक दवाखाना आहे, तिथे काउंटरवर बसायचं काम मिळत होतं. पंखा, खुर्ची, घराचा जिना. मी नाही म्हटलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "उन्हात पाइपं तपासत फिरशीन? कर मंग." त्यानंतर सहा वर्षं त्यांनी माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारला नाही. गंमत अशी, की त्यांची स्वतःची सगळी हयात पाइपांतच गेली. आजोबा वर्धेकडून रेल्वेत आले, बाबाही रेल्वेत लागले आणि निवृत्त होईपर्यंत पाणीपुरवठ्यात होते. पंपघर, फिल्टर, उंच टाक्या, डबे धुवायच्या लाइनीवरचे नळ. एकाच धंद्यातली दोन माणसं रोज एकत्र जेवायला बसायची आणि बोलायची ते भाजीत मीठ कमी आहे का यावर.

त्या वर्षी मार्चच्या मध्यावर एका बागेच्या पार टोकाचा व्हॉल्व्ह झिरपत असल्याची तक्रार आली. त्या बाजूला कोणी फिरायला जात नाही. करंजाची पाच-सहा झाडं, त्यांच्यामागे कुंपण, कुंपणापलीकडे टँकर उभे करायची मोकळी जागा. व्हॉल्व्हची चौकोनी टाकी विटांची, तिच्यातून पाणी बाहेर येऊन खाटेएवढी जागा ओली झालेली. मी दुरून पाहिलं तर चिखलावर पिवळ्या पाकळ्यांचा सडा. मनात म्हटलं, बहावा इतक्या लवकर कसा फुलला? मग लक्षात आलं की इथे बहावा नाहीच. दोन पावलं पुढे टाकली आणि तो सगळा सडा एकदम उठला.

मी जागच्या जागी थांबले. माझ्या गुडघ्यांभोवती, तोंडासमोर, डोक्यावर नुसती फुलपाखरं. फिकी पिवळी, पांढरी, काळ्यावर पिवळे ठिपके असलेली, नखाएवढी निळी. मिनिटभर भिरभिरली आणि मी हलत नाही असं बघून पुन्हा एकेक करत चिखलावर बसली. मी उकिडवी बसून मोजायला लागले. साठच्या पुढे गेल्यावर चुकले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकले.

पाना माझ्या हातात होता. व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी पाणी अडवायला जी दोरी भरतात ती झिजली होती, अर्ध्या तासाचं काम. मी पाना परत डिकीत टाकला आणि वहीत लिहिलं, "पॅकिंग मागवले आहे." खोटं होतं ते. पॅकिंगची दोरी स्टोअरमध्ये पडून होती.

रात्री जेवताना मी हे आईला सांगत होते. बाबा ताटावर मान घालून बसलेले. मध्येच त्यांनी मान वर केली.

"पाणी तं तिथं सगळीकडंच असन. कारंजं बी आहे म्हंतेस. मंग गळक्या व्हॉल्व्हवरच काहून?"

सहा वर्षांत माझ्या कामाबद्दलचा हा पहिला प्रश्न.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मंग पाहून ये ना नीट."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कारंज्याकडे गेले. स्वच्छ पाणी, काठावर ओल, चारही बाजूंनी पेटुनियाचे ताटवे. फुलपाखरं दोन, तीही फुलांवर. पुढे एकरभर हिरवळीवर तासभर पाणी मारलं होतं, तिथे एकही नाही. गळक्या व्हॉल्व्हवर पुन्हा तोच मेळा. हे घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पेपर घडी करून ठेवला. "रविवारी मले घेऊन चाल."

रविवारी ते पांढरा शर्ट, जुनी टोपी घालून स्कूटीवर मागे बसले. मुख्य रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "केवढाले रस्ते केले इथं, अन् माणूस एक दिसून नाही राहिला." बागेत पोचल्यावर मी एक घमेलं पालथं घालून दिलं, त्यावर बसून त्यांनी चष्मा पुसला आणि जवळजवळ तासभर चिखलाकडे टक लावून बघितलं. मी झाडाखाली बसून त्यांच्याकडेच बघत होते. इतकं लक्ष देऊन ते काही बघताना मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं, पंपघरातल्या दाबाच्या काट्याकडे.

"इकडं ये," त्यांनी हळूच बोलावलं. "हे हिरव्या पट्ट्याचं पाह्य. मागून."

काळ्या पंखांवर हिरवट निळा पट्टा असलेलं एक फुलपाखरू सोंड मातीत रुतवून बसलं होतं. दर काही सेकंदांनी त्याच्या शेपटाकडून पाण्याचा बारीक थेंब उडत होता.

"तोंडानं पाणी घेऊन राहिलं अन् मागून पाणीच फेकून राहिलं," बाबा म्हणाले. "तहान असती तं फेकलं कायले असतं? हे फिल्टर आहे, फिल्टर! पाणी जाऊ देते अन् काहीतरी अडवून ठेवते. आता ते काहीतरी म्हणजे काय, ते सांग."

त्यांचा आवाज चढला होता. बाजूच्या वाफ्यात खुरपणी करणारी काकी मान वळवून आमच्याकडे बघायला लागली. ही काकी त्या बागेतली सगळ्यात जुनी बाई. जवळच्याच गावची, त्या गावाच्या चारही बाजूंनी आता सेक्टर झालेत. मी तिला काकी म्हणते, ती मला दीदी म्हणते.

"का खोजत हव, दीदी?" तिने विचारलं.

"ये तितलियाँ यहीं क्यों बैठती हैं, वो देख रहे हैं काकी."

"फुरफुंदी?" ती हसली आणि पुन्हा खुरपं चालवायला लागली. जे काही हलकं आणि पंखांचं असेल ते सगळं तिच्या लेखी फुरफुंदी.

पुढचा आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. बाबांचा पहिला संशय लोखंडावर. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांची काळी भुकटी वाऱ्याबरोबर येते, आमच्या गच्चीवर सकाळी पाय काळे होतात. "लोखंड चाटून राहिल्या असतीन." आई म्हणाली, "मंग आपल्या गच्चीवर याले पाह्यजेत. म्या तं एक बी नाही पाह्यली." तो संशय तिथेच मिटला. पण आईचं ऐकून मी गच्चीवर एक परात ओल्या मातीची ठेवली. एकही आलं नाही. कावळा तेवढा पाणी पिऊन गेला.

दुसऱ्या रविवारी आम्ही प्रयोग मांडला. गळतीपासून दहा पावलांवर, त्याच उन्हात, आम्ही जमीन उकरून तीन जागा ओल्या केल्या. एकीत बागेच्याच पाइपाचं पाणी, एकीत टँकरचं, एकीत घरून आणलेलं फिल्टरचं. बाबांनी घड्याळ बघून दोन तास पहारा दिला. फुलपाखरं या तिन्ही जागांवरून उडत गेली, एखादं क्षणभर टेकलं आणि उठून गळतीवर गेलं.

"म्हणजे पाण्यात काही नाही," बाबा म्हणाले.

"मग मातीत?"

"माती उचल."

मी फावड्याने गळतीवरचा चिखल घमेल्यात भरला आणि पलीकडे करंजाच्या सावलीबाहेर नेऊन ओतला. वीस मिनिटं गेली. मग एक पिवळं आलं. बाबांनी या पिवळ्यांना पोस्टकार्ड असं नाव ठेवलं होतं. पोस्टकार्ड बसलं, सोंड काढली, आणि उठलं नाही. मग दुसरं, मग हिरव्या पट्ट्याचं. थोड्या वेळात त्या ओतलेल्या ढिगावर चौदा जमली.

बाबा उठून उभे राहिले. आनंदात माणूस काहीतरी करतोच, त्यांनी काय केलं तर मूळ गळतीजवळ जाऊन चिमूटभर चिखल घेतला आणि मी "बाबा" म्हणेपर्यंत जिभेच्या टोकाला लावला. नोकरीत त्यांना सवय होती तशी. नवीन बोअरचं पाणी प्रयोगशाळेत जायच्या आधी ते जिभेवर घ्यायचे आणि खारं की गोडं ते सांगायचे, सहसा चुकायचे नाहीत.

"खारट," ते म्हणाले. "चांगलंच खारट. ह्या मिठासाठी येऊन राहिल्या! पण इथंच एवढं मीठ आलं कुठून? जमीन तं सगळी एकच आहे."

काकीने खुरपं टाकलं होतं. तिने पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"काकी, क्या हुआ?"

"का बतावंव दीदी..." तिला बोलता येईना. शेवटी तिने कुंपणाकडे बोट केलं. कुंपणाला तिथे माणूस आत येईल एवढं भोक होतं. "बबा, उहाँ ले टैंकर वाला मन आथें. रोज. मूते बर."

बाबा हात जरा लांब धरून उभे होते, चिखलाची चिमूट तशीच.

"काय म्हणली ते?" त्यांनी मला विचारलं. त्यांना छत्तीसगढी माझ्यापेक्षा चांगली कळते.

"तुम्ही ऐकलं ते बरोबर आहे बाबा."

त्यांनी शांतपणे हात धुतले. पाइप तोंडाला लावून चार-पाच वेळा चूळ भरली. मग टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा टोपी घातली आणि म्हणाले, "तरीच!"

त्यानंतर ते हसायला लागले. मी हसले. काकी तर वाफ्याच्या कडेला बसलीच. मी परत आल्यापासून बाबांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. स्कूटीवर घरी येताना मध्येच त्यांचं पोट हलायचं आणि मला मागून कळायचं.

आईला अर्थातच सांगावं लागलं. तिने त्यांना दारातच उभं केलं. "आधी चूळ भरा. मिठाच्या पाण्यानं भरा."

"मिठानं बी?" बाबा म्हणाले. "आजच्या पुरतं मीठ झालं माझं."

मग मी मोबाइलवर वाचत बसले. आम्हाला कळलं ते जगाला आधीपासून ठाऊक होतं. फुलांच्या मधात साखर असते, मीठ जवळजवळ नसतं, म्हणून फुलपाखरं ओल्या मातीतून, शेणातून, मुतारीच्या जागेतून ते शोषून घेतात. मला नवं वाटलं ते पुढचं. चिखलावर बसतात ते बहुतेक नर. ते मीठ जमवतात आणि जोडी जमली की मादीला देतात, ते तिच्या अंड्यांच्या कामी येतं. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं.

बाबा म्हणाले, "म्हणजे हळद लागायच्या आधीची खरेदी करून राहिले ते पोट्टे."

आई भाजी निवडत होती. "खरेदी तरी करून राहिले," ती म्हणाली, एवढंच. नागपूरचं नाव काढलं नाही.

गोष्ट इथेच राहिली असती. पण मी पहिल्या आठवड्यातच गळतीवरच्या फुलपाखरांचा एक फोटो आमच्या कामाच्या ग्रुपवर टाकला होता. तो फिरत फिरत बागांची पाहणी करणाऱ्या साहेबांपर्यंत गेला आणि एका सकाळी ते स्वतः आले. मनाने चांगले, झाडांची आवड असलेले गृहस्थ. त्यांनी पंधरा मिनिटं व्हिडिओ काढला. मग म्हणाले, "मॅडम, इसको तो डेव्हलप करना चाहिए. तितली पॉइंट." थोडं थांबून रुमाल नाकाला लावला. "पर ये लीकेज ठीक कराइए. और कुछ बदबू भी है यहाँ."

ठरलं ते असं. गळती बंद करायची, जमिनीवर फरशीचे ब्लॉक बसवायचे, भोवती फुलांच्या कुंड्या, कुंपणाचं भोक बुजवायचं, आणि एक बोर्ड. दोन आठवड्यांनी त्यांच्याही वरचे साहेब बघायला येणार होते.

मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण बाजूला चार पुरुष उभे होते, ठेकेदाराचा माणूस होता, आणि त्यांच्यासमोर "सर, पेशाब" असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी "जी सर" म्हटलं.

गळती मलाच बंद करायची होती. फिटर येणार होता, पण मी म्हटलं मीच करते. बाबा त्या दिवशी रविवार नसतानाही आले. मी मेन बंद केला, टाकीत उतरले, व्हॉल्व्हच्या डोक्यावरचे नट सोडवले आणि आतली कुजलेली दोरी पेचकसाने काढली. बाबा वर उकिडवे बसून नट हातात धरत होते. मी नवी दोरी ग्रीस लावून दांड्याभोवती वेटोळी करून बसवली.

"नट एकदम आवळू नको," ते म्हणाले. "एक फेरा याचा, एक त्याचा."

"माहीत आहे बाबा."

"हो," ते म्हणाले. "ते दिसून राहिलं."

मी मान खाली घालून नट आवळत राहिले. मेन उघडला, दाब आला, व्हॉल्व्ह कोरडा राहिला. बाबांनी वाकून दांड्यावर बोट फिरवलं, बोट बघितलं आणि शर्टाला पुसलं.

फुलपाखरं दुसऱ्या दिवशी आली, कोरड्या पडत चाललेल्या मातीवर बसली. तिसऱ्या दिवशी कमी. चौथ्या दिवशी फरशी बसली आणि एकही आलं नाही. कुंड्यांतल्या झेंडूवर दोन पांढरी दिसली, तेवढीच. बोर्ड लागला, त्यावर एक मोठं निळं फुलपाखरू, आमच्याकडे कधी न दिसलेलं.

वरचे साहेब यायला आठ दिवस राहिले तेव्हा आमचे साहेब पुन्हा आले. त्यांनी फरशी बघितली, कुंड्या बघितल्या, वर बघितलं.

"मॅडम, तितलियाँ कहाँ गयीं?"

या वेळी आम्ही दोघेच होतो. काकी होती, पण ती आमचीच. मी एका दमात सांगून टाकलं. नमक, मिट्टी, टँकरवाले, कुंपणाचं भोक, सगळं. बाबांनी चव घेतल्याचं तेवढं गाळलं.

साहेबांनी बोर्डाकडे बघितलं. "आपको पहले से पता था?"

"जी सर."

"तो बोला क्यों नहीं?"

"शरम लगी सर."

त्यांनी मान हलवली. रागावले असावेत, पण मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "ठीक है. कुछ और तरीके से कीजिए. टँकरवालों को वापस मत बुलाइए."

फरशीचे मधले नऊ ब्लॉक आम्ही काढले. तिथे वाळू-माती घातली, ठिबकची एक नळी सोडली आणि बाबांनी हिशेबाने मीठ कालवलं. त्यांचा हिशेब बोअरच्या खाऱ्या पाण्याचा होता, उन्हाचा नव्हता. दोन दिवसांत पाणी उडून गेलं आणि वर पांढरी खपली धरली. एक पोस्टकार्ड आलं, टेकलं आणि चटका बसल्यासारखं उडालं.

काकीने खपली बोटाने उचलून बघितली. "नून जादा होगे, बबा."

"मंग किती पाह्यजे?" बाबा तिलाच विचारत होते. मोठ्या पंपांचा हा माणूस, खुरपणाऱ्या बाईला मान तिरकी करून विचारत होता, मला फार बरं वाटलं.

काकी म्हणाली, मीठ मोजून कशाला घालता. तिच्या घरी दोन गाई आणि एक वासरू आहे. गोठ्याला ती कोठा म्हणते. गोठ्याच्या दारातली माती वर्षानुवर्षं गोमूत्र पिऊन बसलेली. "मोर कोठा के माटी लान देहूँ." दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर घमेलं घेऊन आली. आम्ही मिठाची माती उपसून टाकली आणि ही घातली, वर थोडं शेण, थोडी वाळू. ठिबक इतकं मंद ठेवलं की ओल राहावी पण डबकं होऊ नये. ते प्रमाण साधायला मला अख्खा दिवस लागला.

पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्या आणि माश्या. तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या सेक्टरमध्ये होते तेव्हा काकीचा फोन आला. ती कधी फोन करत नाही. "दीदी, आ गे," एवढं बोलून तिने ठेवून दिला.

मी पोचले तेव्हा सात फुलपाखरं होती. वरचे साहेब आले त्या सकाळी अकरा. त्यांनी कुंड्यांजवळ उभं राहून फोटो काढला, "वेरी नाइस" म्हणाले आणि पुढच्या बागेकडे गेले. खाली मातीकडे त्यांनी बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण आमच्या साहेबांनी लक्षात ठेवलं. पाऊसकाळ संपून जमीन वाळायला लागली तेव्हा त्यांनी मला बोलावून आणखी पाच बागांत अशा जागा करायला सांगितल्या. कागदावर मी लिहिलं, "खनिजयुक्त ओली माती." काकीला खुरपणीतून काढून या सहा जागांची देखरेख दिली. ती आता सायकलने फिरते, मागे बादली बांधलेली. टँकरवाल्यांसाठी कुंपणापलीकडे पत्र्याची मुतारी झाली. तेही मीच लिहून दिलं होतं.

बाबा दर रविवारी येतात. त्यांनी एक वही केली आहे, पंपघरात भरायचे तशी रकान्यांची. वेळ, ऊन, वारा, किती आली, कुठल्या रंगाची. जेवताना आता आई वैतागते, "पाइपं अन् फुलपाखरं, दुसरं काही आहे का नाही ह्या घरात?"

सहापैकी चार जागांवर फुलपाखरं येतात. कुठे वीस, कुठे पाच-सहा. उरलेल्या दोन जागांवर ती कधीच आली नाहीत. माती तीच, काकीच्या गोठ्यातली, ठिबक तेच, ऊनही तेवढंच. बाबांचं म्हणणं, तिथे रस्त्याचा वारा सरळ लागतो, बसलेलं पाखरू टिकत नाही. मला वाटतं शेजारच्या हिरवळीवर औषध फवारतात त्याचा वास असेल. काकी म्हणते, आजूबाजूला त्यांच्या पिल्लांनी खावं असं झाडच नाही, तिकडे ती येतील कशाला? तिघांचंही खरं असू शकतं.

मागच्या रविवारी आम्ही त्यातली एक जागा उचलून आठ पावलं आत, चिंचेच्या झाडाच्या आडोशाला नेली. फवारणीवाल्याला तो कोपरा सोडायला सांगितलं. काकीने कडेने पिल्लांच्या खाण्यासाठी तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, बी टाकलं, ते उगवायला वेळ लागेल. बुधवारी मी तिला फोन केला.

"कोई तितली आई क्या, काकी?"

"नई आइस," ती म्हणाली. मागून सायकलची घंटी वाजली. "बबा ला बता देबे, मैं संझा के फेर देखहूँ."